परम 8000 आणि आपला गेमिंग पीसी

रायपूरमधली मुलं मला नेहमी विचारतात, "दादा, पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसेल का?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज पुण्यात जाऊया, तेही 1988 सालात.

अमेरिकेनं शक्तिशाली क्रे महासंगणक द्यायला नकार दिला आणि पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर. हाताशी तीन वर्षं आणि सुमारे 30 कोटी रुपये. एवढ्यात स्वतःची चिप घडवणं शक्यच नव्हतं. म्हणून बाजारात मिळणारा, ब्रिटिश इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर निवडला. का? तर शेजारच्या चिपशी बोलायला त्याच्या अंगातच चार जोडण्या होत्या. एकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे किरकोळ, पण अनेक एकत्र आले की काम वाटून घेत. 1991 मध्ये परम 8000 तयार झाला!

आता गंमत बघा. ग्राफिक्स कार्डही हेच करतं. त्यातले शेकडो-हजारो छोटे गाभे चित्राचे ठिपके वाटून घेतात. म्हणून गेमसाठी आधी कार्ड ठरवा, मग त्याला साथ देईल असा मध्यम प्रोसेसर. पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको, तो जळताना बाकीचे भागही घेऊन जाऊ शकतो. सिलतरा-उरल्याची काळी धूळ आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा कॅबिनेट जाळीचं घ्या. रंगीत दिवे सगळ्यात शेवटी.

काम नेमकं कुठे अडतं ते आधी ओळखा, पैसा तिथेच घाला. परमचा हिशोब हाच होता.