उघड्या फाइलींतून उगवलेला छंद

ऑक्टोबर १९९६मध्ये क्वेक या गेमच्या खेळाडूंच्या ‘रेंजर्स’ नावाच्या गटाने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ नावाची एक इवलीशी फिल्म इंटरनेटवर सोडली. जेमतेम शंभर सेकंदांची. अंधाऱ्या दगडी दालनात रेंजर्सचे गडी शिरतात, दोघांना पुढे टेहळणीला धाडतात, आत दबा धरून बसलेला एक जण त्या दोघांना टिपतो, मग उरलेले मिळून त्याचा निकाल लावतात. शेवटी त्याचे तुटलेले मुंडके जवळून बघितल्यावर कळते की हा जॉन रोमेरो, म्हणजे खुद्द क्वेक घडवणाऱ्यांपैकी एक. संवाद सगळे पडद्यावर उमटणाऱ्या टाइप केलेल्या ओळींतले, आवाज गेममधल्या बंदुकांचाच. गोष्ट म्हणून यात फार काही नाही. नवलाची आहे ती बघणारी नजर. क्वेकमध्ये खेळाडूला जग दिसते ते स्वतःच्या डोळ्यांतून, खाली पुढे रोखलेली बंदूक आणि तिच्यामागे आपण. या फिल्ममध्ये मात्र दालन कुणाच्याच डोळ्यांतून दिसत नाही. कॅमेरा खेळाडूपासून सुटलेला आहे आणि कोपऱ्यात उभा राहून तो इतरांची करणी पाहतो. गेमचे जग वापरून फावल्या वेळात चलच्चित्रे करण्याचा जो छंद पुढे ‘मशिनिमा’ या नावाने ओळखला गेला, त्याची सुरुवात बहुतेक अभ्यासक या शंभर सेकंदांपासून मानतात.

हा छंद फोफावला कसा, याचे एक ठरीव उत्तर आहे: संगणक स्वस्त झाले, ग्राफिक्स सुधारले, यूट्यूब आले आणि घरोघरची पोरे फिल्म करू लागली. हे उत्तर काळाच्या हिशेबातच बसत नाही. यूट्यूब २००५चे. तोवर या छंदाची जवळजवळ नऊ वर्षे होऊन गेली होती, त्याला स्वतःचे नाव होते, स्वतःची संकेतस्थळे होती, गाजलेल्या कृती होत्या. संगणक स्वस्त असणे ही गरजेची गोष्ट खरी, पण तेवढ्यावर भागत असते तर हा छंद त्या काळच्या प्रत्येक गेमभोवती उगवला असता. तो उगवला मोजक्या गेमांभोवती. या गेमांत समान धागा एकच दिसतो. त्यांच्या फाइली उघडता येत होत्या, वाचता येत होत्या, बदलून पुन्हा गेमला खाऊ घालता येत होत्या. या छंदाचा इतिहास माझ्या मते या उघडेपणाचा इतिहास आहे. फाइली मिटल्या तेव्हा छंदाने वळण बदलले आणि दुसरीकडे उघडल्या तेव्हा तो तिकडे गेला.

यासाठी थोडे मागे, डिसेंबर १९९३पर्यंत जायला हवे. इड सॉफ्टवेअरने डूम हा गेम आणला तो गेमचे यंत्र एकीकडे आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसरीकडे, अशा वेगळ्या फाइलींत ठेवून. खेळाडूंनी स्वतःचे नकाशे करावेत म्हणून ही सोय जाणूनबुजून केलेली होती. डूममध्ये आपला डाव नोंदवून ठेवण्याचीही सोय होती, आणि ती नोंद चित्रांची नव्हती. सेकंदाचे ३५ तुकडे करून प्रत्येक तुकड्यात खेळाडूने काय केले, किती पुढे सरकला, किती वळला, बार काढला का, एवढेच चार बाइटांत लिहिले जाई. ती फाइल पुन्हा चालवली की गेम त्याच सूचना पाळून तोच डाव नव्याने खेळे. म्हणजे फाइल छोटी, फ्लॉपीवर मावणारी, मित्राला सहज पाठवता येणारी. पण नाजूकही तितकीच. गेमची आवृत्ती बदलली, आतल्या हिशेबात केसाएवढा फरक पडला, की जुन्या नोंदीतला गडी भिंतीवर डोके आपटत बसे. शिवाय त्या नोंदीत बदल करून गोष्ट सांगणे जवळजवळ अशक्य, कारण मधले एक पाऊल हलवले की पुढचे सगळे बिघडणार.

याच कंपनीच्या, जून १९९६मध्ये आलेल्या क्वेकने हे कोडे सोडवले, तेही फिल्मचा विचार मनात नसताना. क्वेक मुळात सर्व्हर आणि खेळाडू यांच्यातल्या संभाषणावर उभा होता. सर्व्हर सतत कळवत राही की अमुक गडी इथे आहे, तमुक दार उघडले, गोळी या बिंदूवर आहे. डेमो, म्हणजे डावाची नोंद ठेवणाऱ्या, फाइलीत हेच निरोप एकापाठोपाठ जसेच्या तसे साठवलेले असत, आणि प्रत्येक निरोपाच्या गठ्ठ्याआधी तीन आकडे असत: बघणाऱ्याची नजर वरखाली किती, डावीउजवीकडे किती आणि कलती किती. बाकी काहीही न बिघडवता हे तीन आकडे बदलले की नजर बदलते. बघणाऱ्याची जागाही अशीच हलवता येते. लाइपझिगच्या उवे गिर्लिश यांनी ही फाइल आतून कशी असते याचे तपशीलवार वर्णन लिहून सर्वांना खुले केले आणि डेमो फाइल उलगडून साध्या मजकुरात आणणारा, मजकूर बदलल्यावर पुन्हा फाइल बांधून देणारा ‘एलएमपीसी’ हा प्रोग्राम लिहिला. ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’मधला सुटा कॅमेराही असेच आकडे बदलून आला. कॅमेऱ्याची कलाच मुळी इथे आकडे खोडून नवे आकडे लिहिण्यातून जन्मली, आणि हे करणाऱ्यांत पगारी माणूस एकही नव्हता.

पुढची दोनतीन वर्षे या छंदाची सर्वांत सुपीक. जानेवारी १९९७च्या ‘ऑपरेशन बेशील्ड’मध्ये मुद्रित आवाज आला, ओठ हलले, पात्रांना नवे कपडे मिळाले. ‘कीग्रिप’सारखी संपादनाची साधने आली. जून १९९७मध्ये ‘क्वेक डन क्विक’ या गटाने अख्खा क्वेक सर्वांत अवघड पातळीवर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पार केल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि नंतर त्याच नोंदीवर नवे कॅमेरे बसवून तिची फिल्म केली. या प्रकाराला ‘रीकॅम’ म्हणत. डाव तोच, कौशल्य तेच, फक्त बघण्याची जागा बदललेली. खेळाडूचे कसब आणि दिग्दर्शकाची नजर एकाच फाइलीत दोन वेगळ्या थरांवर नांदू शकतात, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. याच मंडळींतल्या अँथनी बेली यांनी यंत्र आणि सिनेमा जोडून एक शब्द सुचवला. एडिंबरोच्या ह्यू हॅनकॉक यांनी तो लिहिताना स्पेलिंग चुकवले आणि त्या चुकीत ‘अॅनिमे’चा भास आहे म्हणून तेच, म्हणजे ‘मशिनिमा’, ठेवले. २०००च्या जानेवारीत हॅनकॉक यांनी त्याच नावाचे संकेतस्थळ सुरू केले.

आणि नेमके त्याच सुमारास दार लोटले गेले. क्वेकची तिसरी आवृत्ती येईपर्यंत ऑनलाइन खेळात लबाडी इतकी माजली होती की नेटवर्कच्या आतली माहिती उघड करणारी साधने वाटणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करू, असे इड सॉफ्टवेअरने बजावले. लबाडी रोखणे रास्तच होते, पण डेमो फाइल म्हणजे नेटवर्कचे निरोपच असल्याने संपादनाची साधनेही त्या इशाऱ्याच्या कक्षेत आली. २०००मध्ये ‘क्वाड गॉड’ ही फिल्म डेमो म्हणून न येता साध्या व्हिडिओच्या रूपात आली. छंदाच्या जुन्या मंडळींना ते रुचले नाही. फाइल अवजड होते, हा त्यांचा आक्षेप होता. पण व्हिडिओ बघायला विकत घेतलेला गेम लागत नव्हता, ही बाजूही खरी होती. प्रेक्षक वाढले ते याच वळणावर. हरवले ते हे की फिल्म एकदा व्हिडिओ झाली म्हणजे ती फक्त बघायची उरली. तिच्यातला कॅमेरा आता दुसऱ्या कुणाला हलवता येत नव्हता.

इथे एक भक्कम आक्षेप उभा राहतो. मशिनिमातली सर्वांत गाजलेली मालिका ‘रेड व्हर्सेस ब्लू’ १ एप्रिल २००३ला टेक्सासमधल्या ऑस्टिनहून सुरू झाली ती हेलो या गेमवर, आणि हेलो तर एक्सबॉक्स या बंदिस्त यंत्रावरचा, ज्याच्या फाइलींना हात लावायची सोय नाही. मग उघडेपणाचा सिद्धान्त टिकतो कसा? त्यासाठी ती फिल्म कशी केली ते जवळून पाहायला हवे. चिलखती शिपाई म्हणजे एकमेकांना जोडलेल्या एक्सबॉक्सवर बसलेले मित्र. त्यांतला एक शिपाई कॅमेरामन, त्याला जे दिसते ते चित्रित होणार. त्याच्या पडद्यावरचे आकडे आणि बंदूक झाकायला चित्राच्या वरखाली काळ्या पट्ट्या टाकल्या. अडचण अशी की गेममधला शिपाई सतत बंदूक रोखूनच उभा, मग दोघे गप्पा मारताहेत हे दाखवायचे कसे? इथे गेममधली एक चूक कामी आली. हातात पिस्तूल घेऊन नजर पूर्ण खाली वळवली की इतरांना तो शिपाई हत्यार खाली करून समोर बघत असल्यासारखा दिसे. बोलणारा तो आहे हे कळावे म्हणून त्याची मान डोलवायची, बस्स. फाइल मिटलेली होती, पण यंत्रे एकमेकांना जोडता येत होती, चित्र बाहेर काढता येत होते, आणि गेमचे मालक कानाडोळा करायला, पुढे तर पाठीशी उभे राहायला तयार होते. हेलोच्या दुसऱ्या आवृत्तीत तो गेम घडवणाऱ्या बंजी कंपनीने हत्यार खाली करण्याची सोयच करून दिली. म्हणजे उघडेपणा इथेही होता, फक्त तो फाइलीतून निघून मालकाच्या मर्जीत गेला होता. ऑगस्ट २००७मध्ये एक्सबॉक्सच्या मालक मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमची दृश्ये बिगरव्यावसायिक कामासाठी वापरण्याचे नियम जाहीर केले. हौशी मंडळींना त्याने आधार मिळाला यात शंका नाही. पण परवानगी देणारा ती मागेही घेऊ शकतो.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे आणि तो चित्रकारांच्या बाजूने येतो: पात्रे दुसऱ्याने घडवलेली, जग दुसऱ्याने रंगवलेले, मग यात तुमचे काय? या आक्षेपात दुखावलेली कष्टाची जाणीव आहे, तिचा मान ठेवूनच उत्तर द्यायला हवे. कळसूत्री बाहुली सुताराने कोरली म्हणून बाहुल्यांचा खेळ सुताराचा होत नाही. दोरीवरची बोटे, आवाज, वेळेचे भान हे खेळ करणाऱ्याचे. फ्रान्समधल्या अॅलेक्स चॅन यांचे उदाहरण घ्या. २००५च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांपासून लपताना दोन मुलांचा विजेच्या उपकेंद्रात मृत्यू झाला आणि फ्रान्सभर दंगली पेटल्या. चॅन औद्योगिक वस्तूंचे आरेखन करणारे, फिल्म कधी केलेली नाही. नुकत्याच आलेल्या ‘द मूव्हीज’ या गेममधली तयार पात्रे आणि देखावे वापरून त्यांनी तेरा मिनिटांची ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’ नोव्हेंबरमध्येच पूर्ण केली. गेममध्ये पॅरिस नव्हतेच, म्हणून मागे न्यूयॉर्कसारखी दृश्ये. संवाद मोडक्यातोडक्या इंग्रजी उपशीर्षकांत. तरीही त्या वस्त्यांतल्या तरुणांना रोज काय सोसावे लागते हे त्या लाकडी हालचालींच्या बाहुल्यांनी जगभर पोचवले. उसना होता तो मंच. राग आणि मांडणी चॅन यांची स्वतःची होती.

गॅरीज मॉड हा गेम आणि व्हॉल्व्ह कंपनीने २०१२मध्ये फुकट दिलेला सोर्स फिल्ममेकर हा प्रोग्राम यांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांच्याविषयी एवढेच म्हणतो की दोन्ही ठिकाणी मालकाने पात्रे हातात दिली आणि हौशी मंडळींनी सोने केले. अधिक बोलका पुरावा माइनक्राफ्टचा आहे. आज फावल्या वेळात गेमवर अॅनिमेशन करणाऱ्यांचा ओढा ज्याकडे सर्वाधिक दिसतो, तो हाच गेम. इथला माणूस म्हणजे सहा ठोकळे: डोके, धड, दोन हात, दोन पाय. त्याचा चेहरामोहरा आणि कपडे म्हणजे एक इवलेसे चित्र, सुरुवातीला ६४ गुणिले ३२ ठिपक्यांचे, जे साध्या चित्रांच्या प्रोग्रामात उघडून शाळकरी पोरही बदलू शकते. या ठोकळ्यांना हालवायला बहुतेक जण वापरतात तो ब्लेंडर हा अॅनिमेशनचा प्रोग्राम. कुणी म्हणेल, हा तर गेमच्या बाहेरचा, मग गेमच्या फाइलींचा संबंध काय उरला? पण ब्लेंडरची कहाणी बघा. २००२मध्ये तो बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून त्याचा कोड सोडवून घेतला, आणि त्या ऑक्टोबरपासून तो सर्वांना खुला झाला. आणि माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोयांगने त्याचे व्हिडिओ करायलाच नव्हे, त्यांतून कमावायलाही मुभा दिली. गेम बदलला, साधन बदलले, छंद मात्र पुन्हा तिथेच येऊन बसला जिथे दार उघडे होते.

याचा सगळ्यात कठोर पडताळा जपणुकीत लागतो. हॅनकॉक यांच्या संकेतस्थळाचे नाव पुढे एका मोठ्या व्हिडिओ कंपनीला मिळाले, ती कंपनी २०१६मध्ये वॉर्नर ब्रदर्सने घेतली, आणि जानेवारी २०१९मध्ये तिच्या यूट्यूब वाहिनीवरचे व्हिडिओ एका फटक्यात खासगी करण्यात आले. वर्षानुवर्षे रात्री जागून केलेली हौशी मंडळींची कामे सार्वजनिक नजरेतून गेली, आणि ती ज्यांनी केली त्यांना आधी पुसलेही नाही. उलट क्वेकचा कोड इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९९मध्येच खुल्या परवान्याखाली दिला होता. त्यामुळे आजच्या संगणकांसाठी क्वेकची यंत्रे नव्याने बांधणारे लोक आहेत, आणि १९९६ची डेमो फाइल त्या यंत्रांत चालते. रेंजर्सचे दोन गडी पुन्हा अंधाऱ्या दालनात शिरतात, वर दबा धरून बसलेला पुन्हा बार काढतो. व्हिडिओप्रमाणे ती चित्रे साठवलेली नाहीत, त्या क्षणी तुमच्या पडद्यावर ती नव्याने रेखली जातात, मूळ फिल्म केली तेव्हा शक्य नव्हती इतक्या स्पष्टपणे. आणि कुणाला वाटलेच, तर फाइल उघडून, ते तीन आकडे बदलून, कॅमेरा दालनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवता येतो.