उमेदवारीचा हिशेब

‘ऑडिट’ हा शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकणे’ असा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला. लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी होती, त्या काळी इंग्लंडमध्ये जमीनदाराचा कारभारी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवी आणि तपासणारा कान देऊन ऐके. रेडिओवर बोलायला हा विषय म्हणूनच मला सोयीचा वाटला. मात्र मला बोलायचे आहे ते मोठ्या ऑडिटरांबद्दल नव्हे, तर त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल. आमच्या पालघर-बोईसरकडे त्यांना नुसते ‘आर्टिकल’ म्हणतात. ‘आमची मुलगी सीएकडे आर्टिकलला आहे’, असे आई-वडील कौतुकाने सांगतात.

अशा शिकाऊ माणसाला मराठीत जुना शब्द आहे ‘उमेदवार’. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. पण उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. एकोणिसाव्या शतकातल्या कचेऱ्यांत अशी मुले बिनपगारी बसत, नकला करीत, बेरजा मारीत आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार तिथलाच.

हिशेबाचे बहुतेक शब्द असेच दूरचा प्रवास करून मराठीत आले आणि घरचे झाले. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, तपशील हे सारे अरबी-फारसीतून आलेले. नाना फडणवीसांच्या नावातला ‘फडणीस’ हा मुळात ‘फर्दनवीस’, म्हणजे हिशेबाचा फर्द लिहिणारा. यातला मला सर्वांत आवडणारा शब्द ‘रुजवात’. रुजू म्हणजे परत फिरणे. वहीतली नोंद पाहून मूळ कागदाकडे, मूळ वस्तूकडे परत जायचे आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे, ही रुजवात. आर्टिकलचे सगळे शिक्षण या एका शब्दात आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे शिक्षण आपल्याकडे पद्धतशीर सुरू झाले ते मुंबईत. १९१३च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्याला सरकारी दाखला लागू लागला. १९१८ साली मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ ही परीक्षा सुरू केली. पण नुसती परीक्षा पुरेशी नव्हती. मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे काढावी लागत. १९३२ साली ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ आले आणि स्वातंत्र्यानंतर, १ जुलै १९४९ रोजी, चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा लागू झाला. ‘आर्टिकल्स’ म्हणजे गुरू आणि शिकाऊ यांच्यातला करारनामा. इंग्लंडमध्ये त्या करारासाठी शिकाऊ मुलाच्या बापाला ‘प्रीमियम’ म्हणून पैसे मोजावे लागत. म्हणजे काम पोराने करायचे आणि वर पैसेही द्यायचे! ती चाल आपल्याकडेही होती. पुढे ती गेली आणि उलट गुरूनेच विद्यावेतन देण्याचा नियम झाला. कायद्यातला ‘आर्टिकल्ड क्लार्क’ जाऊन ‘आर्टिकल्ड असिस्टंट’ आला. नाव बदलले, पण विद्यावेतन तुटपुंजे ते तुटपुंजेच राहिले.

आता आमच्या भागाकडे येऊ. मुंबईतला हा धंदा इथवर आला कसा? तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. पाठोपाठ एमआयडीसीची औद्योगिक वसाहत वाढली. ती तारापूरच्या नावाने ओळखली जाते, पण तिथे जाणारा माणूस उतरतो बोईसर स्टेशनवर. तारापूर गाव तिथून बरेच दूर, किनाऱ्याला. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना कारखाने आले. कारखाना आला की बँकेचे कर्ज येते, आणि कर्ज आले की हिशेब तपासणारा लागतो. त्यात १९८४च्या वित्त कायद्याने आयकरासाठी ऑडिट आणले. चाळीस लाखांवर विक्री असलेल्या व्यापाऱ्यालाही ते बंधनकारक झाले. मग तालुक्याच्या गावीसुद्धा जिन्याखालच्या खोलीत सीएची पाटी दिसू लागली. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

अशाच एका ऑफिसात मी बी.ए. झाल्यावर वर्षभर होतो. मी आर्टिकल नव्हतो, साधा मदतनीस होतो. पण कामाला आर्टिकलांबरोबरच जायचो. सकाळच्या शटलने बोईसर, तिथून रिक्षाने कारखान्यात. व्हाउचरांचा गठ्ठा सोडायचा, एकेक व्हाउचर वहीतल्या नोंदीशी ताडायचे आणि खूण करायची. खुणेची पेन्सिल रंगीत, आणि दरवर्षी रंग वेगळा. गेल्या वर्षीची खूण या वर्षी कुणी खपवू नये, म्हणून.

३१ मार्च १९९३ची गोष्ट. एका रसायनाच्या कारखान्यात मालमोजणीला मी आणि एक आर्टिकल गेलो होतो. गोदामात ड्रमांच्या उतरंडी, पत्र्याखाली उकाडा आणि नाकात झोंबणारा वास. स्टोअरकीपर रजिस्टर वाचत होता, मी खुणा करीत होतो. ‘चाळीस.’ खूण. ‘साठ.’ खूण. दुपारपर्यंत कागद भरला. निघता निघता माझ्या जोडीदाराने मागच्या ओळीतल्या एका ड्रमवर सहज पाना आपटला. तो घणघणला. भरलेला ड्रम असा वाजत नाही. स्टोअरकीपर म्हणाला, ‘ते रिकामे आहेत, परत पाठवायचेत.’ पण माझ्या कागदावर त्या ओळीपुढे भरलेल्या मालाची खूण झालेली होती.

संध्याकाळी आमच्या सरांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, ‘कविराज, यातले तू पाहिलेस किती, आणि ऐकून लिहिलेस किती?’ मी गप्प राहिलो. त्यांनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना पुन्हा पाठवले आणि एकेक ड्रम वाजवून मोजायला लावला. बावीस ड्रम रिकामे निघाले.

तुम्ही म्हणाल, बावीस ड्रमांनी काय बिघडते? वर्षअखेरीला शिल्लक माल जास्त दाखवला की विकलेल्या मालाचा खर्च कमी दिसतो आणि तेवढाच नफा फुगतो. बँक कॅश क्रेडिट देते तेही गोदामातल्या मालाच्या तारणावर. म्हणजे रिकाम्या ड्रमवरही कर्ज उचलता येते. तिथे लबाडी होती की नुसता गलथानपणा, हे मला कळले नाही. पण खूण माझी होती, आणि त्या खुणेवर विसंबून सरांनी सही केली असती.

हा प्रश्न जुना आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये किंग्स्टन कॉटन मिलचा खटला गाजला. मिलच्या व्यवस्थापकाने वर्षानुवर्षे सूत-कापसाचा साठा फुगवून दाखवला होता आणि ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. न्यायालयाने ऑडिटरांना दोष दिला नाही. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे न्यायमूर्तींनी म्हटले. पुढे १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. वहीत कोट्यवधी डॉलरचा औषधी माल होता, गोदामात तो कधी नव्हताच. ऑडिटरांनी कागद तपासले होते, माल पाहिला नव्हता. त्यानंतर १९३९ साली तिथल्या हिशेबतपासनिसांनी मालमोजणीला स्वतः हजर राहण्याचा दंडक घातला. आम्ही बोईसरच्या त्या उकाड्यात ड्रम वाजवत होतो, त्याची मुळे इतक्या लांब होती. आणि ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’च्या अध्यक्षांनी कबुली दिली, तेव्हा पाच हजार कोटींहून अधिक रुपयांची बँकशिल्लक निव्वळ कागदावर होती, हे कळून देश हादरला. ड्रम असोत की बँकेतल्या ठेवी, रुजवात झाली नव्हती.

आज शेजारची एक मुलगी आर्टिकल करते. जाडजूड वह्या गेल्या. १ जुलै २०१७पासून जीएसटी आला, बिले संगणकावर जुळवता येतात. २०१९पासून सीएच्या प्रत्येक दाखल्याला ओळखक्रमांक लागतो. उमेदवारीची मुदत बराच काळ तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. ती म्हणते, ‘चाचा, आता सगळं स्क्रीनवर दिसतं.’ मी विचारतो, ‘गोदामात जातेस ना?’ तर हसून म्हणते, ‘जावंच लागतं. ड्रम अजून स्क्रीनमध्ये मावत नाहीत.’

तिच्याकडूनच एक गोष्ट कळली आणि वाईट वाटले. काही मुले ‘डमी आर्टिकल’ करतात. नाव ऑफिसात, हजेरी कागदावर, आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. नियमाने याला बंदी आहे, तरी चालते. मी त्या मुलांना सरसकट दोष देणार नाही. परीक्षा कठीण, विद्यावेतनातून पासाचे आणि डब्याचे पैसे जेमतेम सुटतात, आणि काही ऑफिसांत कामाच्या नावाखाली नुसती टपालाची ने-आण. शिकवणाऱ्याने शिकवले नाही, तर शिकणारा तरी कशासाठी थांबेल? पण ज्याची उमेदवारीच कागदावर झाली, तो उद्या दुसऱ्याच्या कागदावरचा खोटा आकडा कसा ओळखणार? आणि त्याच्या सहीवर विसंबून बँक कर्ज देईल, कामगार आपला बोनस मोजील, तुमच्या-आमच्यासारखा कुणी निवृत्तीचे पैसे गुंतवील.

मी पुढे ते काम सोडले, कवितेकडे वळलो. आमच्या सरांचा प्रश्न मात्र सुटला नाही. काही लिहून झाले की मी अजूनही स्वतःला विचारतो, यातले पाहिलेले किती आणि ऐकलेले किती.