कर्क्युमिन आणि यकृताच्या कर्कपेशी : संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
हळदीतील पिवळे द्रव्य व्होगेल व पेलेतिए यांनी १८१५ मध्ये वेगळे केले. या द्रव्याची, म्हणजेच कर्क्युमिनची, रासायनिक संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. त्याच्या कर्करोगविरोधी गुणाविषयी केरळातील संशोधकांचा शोधनिबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

विवेचन :
यकृताच्या कर्करोगासंबंधीच्या प्रयोगांत 'हेप-जी-२' ही पेशीमालिका मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. अर्जेंटिनातील १५ वर्षांच्या मुलाच्या अर्बुदापासून ती तयार झाली व १९७९ मध्ये अभ्यासकांपुढे आली. कर्क्युमिनमुळे या पेशींची वाढ खुंटते व त्या नष्ट होतात, असे अनेक प्रयोगांत आढळले. परंतु हे अर्बुद मूलतः हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे बालवयातील यकृत-अर्बुद, असल्याचे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले. प्रौढांतील यकृत-कर्करोगाचे स्वरूप त्याहून वेगळे असते. शिवाय तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते. आतडे व यकृत त्याचे त्वरेने रूपांतर करतात. साहजिकच काचपात्रात परिणामकारक ठरलेली मात्रा रुग्णाच्या पेशींपर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. २०१९ मध्ये तर इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींत यकृतदाह आढळला.

निष्कर्ष :
काचपात्रातील पेशींचा नाश हा संशोधनाचा आरंभ होय, उपचाराचा पुरावा नव्हे. हळदीविषयीच्या परंपरागत आस्थेने ही उणीव भरून निघत नाही. म्हणूनच वनस्पतिजन्य द्रव्यांवरील प्रबंधांत कोणत्या पेशी वापरल्या आणि ती मात्रा शरीरात शक्य आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रथम दिली जाणे आवश्यक ठरते.