घोडा, वाफ आणि वीज : कलकत्त्याच्या ट्रामची पूर्वपीठिका

निर्धूम वाहन म्हणून आज ज्या ट्रामगाडीचे गोडवे गायिले जातात, तिचा जन्म हवा शुद्ध राखण्याच्या चिंतेतून मुळीच झालेला नव्हता. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदा स्थानकापासून हुगळीकाठच्या आर्मेनियन घाटापर्यंत सुमारे अडीच मैलांचा घोड्यांच्या ट्रामचा जो रूळमार्ग सुरू झाला, त्यामागे पूर्व बंगालच्या आगगाडीने येणारा माल वखारींपर्यंत पोचविण्याची निखळ व्यापारी तजवीज होती. प्रत्यक्षात गाड्यांत उतारू बसले, पण तेही खर्च भागण्याइतके नव्हते. आणि त्याच वर्षीच्या २० नोव्हेंबरला घोडे तबेल्यात परतले.

नगरपालिकेपाशी रस्ते होते, परंतु हा व्यवसाय तोट्यावाचून चालविण्याची कला तिला साधली नव्हती. विलायती भांडवलदारांपाशी भांडवल व यंत्रविद्या होती, परंतु परक्या शहराच्या रस्त्यावर रूळ टाकण्याचा अधिकार नव्हता. या परस्परांच्या उणिवेतून १८७९ साली पॅरिश आणि सुटर या विलायती भांडवलदारांशी करारनामा झाला, पुढील वर्षी त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि १ नोव्हेंबर १८८० रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते मीटरगेजवरील ट्राम पुन्हा सुरू झाली.

शतकाच्या अखेरीस ही ट्राम चालविणाऱ्या कंपनीच्या पदरी सुमारे एक हजार घोडे होते. बंगालच्या उष्म्यात ओझे ओढणाऱ्या एवढ्या जनावरांची वैरण, नालबंदी, आजारपण आणि रस्त्यावर साचणारी लीद यांचा हिशेब ज्याने मनात मांडून पाहिला असेल, त्यास १८८२ साली वाफेच्या एंजिनाचा प्रयोग का झाला, हे निराळे सांगावयास नको. परंतु ज्या शहराने भट्ट्यांच्या धुराविरुद्ध १८६३ इतक्या पूर्वी कायदा केला होता, त्याच्या भर रस्त्यात धूर ओकणारे एंजिन आणणे हा काही उपाय म्हणता येत नाही. शतक संपले तेव्हा कंपनीपाशी अशी एंजिने अवघी सात होती.

खरा मार्ग तिसऱ्याच दिशेने उघडला. किलबर्न कंपनीच्या मुखत्यारीखाली इंडियन इलेक्ट्रिक कंपनीने १८९७ साली शहरास वीज पुरविण्याचा परवाना मिळविला, आणि कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन हे नवे नाव धारण केलेल्या त्याच संस्थेचे इमामबाग लेनमधील वीजकेंद्र १७ एप्रिल १८९९ रोजी चालू झाले. विद्युत्शक्ती ही आता शहराच्या परिचयाची वस्तू झाली होती. १९०० साली ट्राम कंपनीने विद्युतीकरणास हात घातला, मीटरगेज मोडून रुंद रूळ घातले, आणि २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे विजेची गाडी धावली. ती आशियातील पहिली, असे बंगाली अभिमान सांगतो. मद्रासची विजेची ट्राम १८९५ सालची असल्यामुळे हा अभिमान मान्य करणे कठीण आहे. विद्युतीकरण १९०५ साली पुरे झाले, त्याच वर्षी बंगालचा धूरविरोधी नवा कायदाही झाला. परंतु त्यांचा कार्यकारणसंबंध लावण्याचा मोह मी आवरतो, कारण माझ्या मते निर्णायक ठरली ती वैरणीची वही, आणि धूर नाहीसा न होता फक्त रस्त्यावरून वीजघराच्या धुराड्यात गेला.

पुढील इतिहास मालकीचा आहे. भाड्यात एका पैशाची वाढ होताच १९५३ साली शहर पेटले, १९६७ साली सरकारने व्यवस्थापन हाती घेतले आणि १९७६ साली कंपनीची मालकीही. रस्ता एकाचा व गाडी दुसऱ्याची, म्हणून जो तगादा व जी घासाघीस चाले, ती आता संपली. रस्ता, बस, ट्राम आणि वाहतुकीचे पोलीस हे सारे एकाच सत्तेच्या अखत्यारीत आले, आणि ट्रामची बाजू मांडणारा पक्षकारच उरला नाही. विजेच्या बसगाड्यांसाठी २०१९ साली कोपनहेगन येथे हरित वाहतुकीचा पुरस्कार स्वीकारणाऱ्या कोलकात्यातच, मैदान ते एस्प्लनेड एवढा तुकडा वगळून ट्राम बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.