गावचा नकाशा आणि गायरान

मला जुने गावनकाशे बघायचा नाद आहे. काढणाऱ्याला काय हवं होतं ते त्यात बरोबर उमटतं!

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. १९४८ पर्यंत हा सगळा निजामाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात सालारजंगांच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे जमीनमोजणी सुरू झाली. ३३ फुटांची साखळी. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हे सगळं साऱ्यासाठी. विहीर कागदावर आली तीही मोटेवर किती जमीन भिजते हे कळावं म्हणून. ज्यातून सारा येत नाही ते पोटखराब, गुरांसाठी सोडलं ते गायरान. पाणी कुठून वाहतं, कुठे मुरतं, याची नोंद ठेवायचं सरकारला कारणच नव्हतं.

ते कारण पडलं शंभरेक वर्षांनी. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम झालं, मराठवाडा शेती साहाय्य मंडळामार्फत. विजयअण्णा बोराडे त्यातले जाणते. या कार्यक्रमात गटवार आखणी असायची. मालकाला सोबत घेऊन एकेक गट पायी फिरायचा. मातीची खोली, उतार, पाण्याची वाट बघायची आणि कुठे चर, कुठे बांध ते तिथेच ठरवायचं. काम माथ्यापासून पायथ्याकडे. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फार धरत नाही, म्हणून हे सगळं. पुढे शेततळी आली, द्राक्षं आली, आणि २०१२ च्या दुष्काळात कडवंचीचं नाव सगळीकडे झालं.

पण एक गोष्ट मला टोचते. या कार्यक्रमाच्या अटींत कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही असायची. माथ्यावर गवत-झाडं धरायची तर ती लागतेच, मान्य. पण ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि गट नंबर एकही नाही, त्याला सोबत घेऊन कुठला गट फिरायचा? सातबारा नसलेला माणूस साऱ्याच्या नकाशात नव्हता, पाण्याच्या नकाशातही त्याची जागा शोधावी लागते. मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराचं तर विचारूच नका. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. पण जमीन मोकळी झाली तरी तिथे चारायचं कुणी, हे गावालाच ठरवावं लागतं.

असो. कधी भूमी अभिलेख कार्यालयात गेलात तर आपल्या गावचं गायरान नकाशात किती आहे ते बघा. मग गावी जाऊन, आज तिथे काय उभं आहे तेही बघा...