जांभ्याच्या खड्यांचे शिल्प

भर चौकात भव्य पुतळ्याच्या रूपाने उभे राहण्याचा मान राजांचा, सेनापतींचा आणि लाटसाहेबांचा, हा संकेत इंग्रजी अमलात इतका दृढमूल झाला होता की, रामकिंकर बैज यांनी १९३८ साली शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या आवारात, कोणाच्याही फर्मानाविना व कोणत्याही सरकारदरबारी तरतुदीविना, बिऱ्हाड हलवीत निघालेले एक संथाळ कुटुंब माणसाहून मोठ्या आकारात उभारले, ही घटना आपल्या शिल्पेतिहासात स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची आहे.

पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे. तिच्या एका पाटीत मूल, दुसरीत संसाराचे किडूकमिडूक. शेजारी त्याची स्त्री आणि बरोबर घरचे कुत्रे. १८५५ साली सावकार, जमीनदार व कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठलेल्या या जमातीचे दैन्य रंगवून करुणा जागविणे सोपे होते. परंतु या चालीत याचनेचा लवलेश नाही. उंच चौथराही नाही. बेताच्या बैठकीवरून ही माणसे वाटसरूच्या बरोबरीने चालत आहेत.

खरे मर्म माध्यमात आहे. पुण्यात शिल्पकार करमरकरांनी १९२८ साली शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ब्राँझमध्ये घडविला, त्या विषयाला धातूची झळाळी शोभली. बांकुड्याच्या एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेल्या रामकिंकरांना ब्राँझ परवडण्यासारखे नव्हते, हे तर खरेच; पण त्या अडचणीतून त्यांनी जे काढले ते केवळ काटकसरीचे फळ मानणे मला अन्यायाचे वाटते. लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधावयाचा, सिमेंटात जांभ्याचे खडे कालवून तो माल मुठीमुठीने त्यावर फेकावयाचा, आणि पुरता घट्ट होण्यापूर्वी खरवडून, छिनून आकार काढावयाचा, अशी ती रीत. पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला. त्यामुळे बीरभूमच्या ज्या तांबड्या, खडकाळ जमिनीवर संथाळ राबत आले, तिचाच खरखरीतपणा या देहांच्या दंडांवर, पोटऱ्यांवर उघडा दिसतो.

पुढे १९५६ साली त्याच परिसरात त्यांनी गिरणीकडे धावणाऱ्या दोन कामकरी स्त्रिया याच मालातून घडविल्या. त्यांच्या मागे वस्त्रे वाऱ्यावर फडफडत आहेत. त्या फडफडीचे कारण रामकिंकर साधेच सांगत: भोंगा झाला आहे, आंघोळीनंतर लुगडी वाळत घालण्यास सवड उरलेली नाही, म्हणून त्या ती धावता धावताच वाळवीत आहेत. गिरणगावातील वाचकास तो भोंगा निराळा समजावून देण्याची आवश्यकता नाही.