नियती की कायदा?

गेल्या हिवाळ्यात अकलूजला एका स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. नीरेच्या काठचा तो मुलूख. रस्त्याने उसाच्या गाड्यांची रीघ लागलेली. माझ्या पिशवीत दोन कादंबऱ्या होत्या, पैकी मनोरंजक म्हणावी अशी एकही नव्हती. पहिली थॉमस हार्डीची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (1895) आणि दुसरी विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (1950).

पहिली पाहताच यजमानांची कन्या म्हणाली, “काका, ही आम्हांला कॉलेजात होती. लेखकाला आपल्याच माणसांचा एवढा राग का हो असावा?”

प्रश्न रास्तच होता. ज्यूड हा गरीब पाथरवट. विद्येच्या नगरीने त्याला आत घेतले नाही. ज्या स्यूवर त्याने जीव टाकला, तिच्याशी संसार मांडला तर लोकांनी राहावयास खोली दिली नाही. आणि शेवटी मुलांची प्रेते पाहण्याची पाळी आली. या पुस्तकावर इंग्लंडात एवढे काहूर उठले की 1928 पर्यंत जगलेल्या हार्डीने पुन्हा कादंबरी म्हणून लिहिली नाही. वाचक पुस्तक मिटतो आणि नियतीला बोल लावून मोकळा होतो. परंतु ज्यूडला जिने छळले ती नियती फार ओळखीची आहे. विवाहाचा कायदा, घरमालकाची दृष्टी आणि रिकामा खिसा ही तिची हत्यारे होत.

‘बळी’ वाचताना तर नियती हा शब्द उच्चारण्याचीच लाज वाटते. लेखिका मालतीबाई बेडेकर 1936 ते 1940 या काळात सरकारी नोकरीत, तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतींवर अधिकारी होत्या. तारेच्या कुंपणाआड जे पाहिले, तेच त्यांनी कादंबरीत आणले. हे कुंपण 1871 च्या कायद्याने घातले. 1911 च्या कायद्याने ते मुंबई इलाख्यापर्यंत आले. एखादी जमात गुन्हेगार म्हणून एकदा जाहीर झाली की तीत जन्मलेले मूलही संशयित. नावे नोंदवावयाची, बोटांचे ठसे द्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी लावावयाची, बाहेर पडावयाचे तर परवाना हवा. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता. आता या कुंपणात कोणी कोणावर प्रेम करावयाचे म्हटले तर? भेटीसही परवाना लागावयाचा! ज्यूडला निदान गाव सोडून दुसऱ्या गावी जाता येत होते.

अशी एक मोठी वसाहत आपल्या सोलापुरातच होती, आणि तिथली माणसे तेथील कापडगिरण्यांत राबत. मला अकलूजला बसून हे वाचताना विशेष टोचले, ते यामुळेच. त्याच वर्षांत जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाला नीरेच्या उजव्या कालव्याने हिरवेपणा आणला. जवळच माळीनगरचा साखर कारखाना 1932 साली उभा राहिला. त्या उद्योगाची कहाणी येथे घरोघर अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खराच आहे. पण चार दिवसांत सोलापूरच्या कुंपणाचे नाव एकाच्याही तोंडून ऐकले नाही. मी स्वतः तरी कादंबरी हाती येईपर्यंत कोठे विचारले होते?

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 साली रद्द केला. देशभर तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशय मात्र जुनाच राहिला. मालतीबाईंनी जे सहानुभूतीने, पण बाहेरून पाहिले, ते आतून सांगणारा माणूस भेटण्यास पुढे तीस वर्षे जावी लागली. 1980 साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले. ही फलटणकडच्या एका कैकाडी मुलाची आत्मकथा. फलटण तालुका तर अकलूजच्या माळशिरस तालुक्याला लागूनच आहे. त्यातही जातीबाहेरचे प्रेम आहे, दारिद्र्य आहे आणि जातपंचायतही आहे.

निघताना यजमानांच्या कन्येने ‘बळी’ मागून घेतली. हार्डी मात्र मला परत मिळाला.